दुसरा सर्व्हर तिरोड्याले

गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या बाजूच्या बाकावर भरती व्हायला आलेले खुशालभाऊ बसले होते. त्यांची इंटरनेटची कंपनी. सोबत तिथं काम करणारी रंजिता.

"भाऊ, चिचगडपर्यंत कनेक्शन गेले. मेलचा सर्व्हर भरत आला. मोठा घेऊ?"

"घे. आन जोडीचा दुसरा सर्व्हर ऑफिसात ठेवू नको."

"काऊन? दोन्हीत तेच मेल राहतेत. एक बिघडला त दुसरा आहेच."

"खोली एकच आहे ना. आग लागली त दोन्ही जातीन. दुसरा तिरोड्याले ठेव. एकाच जागी ठेवलेली गोष्ट ठेवली म्हणू नाही."

"बरं. वहिनी कधी येऊन राहिल्या?"

"तिले सांगितलं नाही. उगाच घाबरते."

"आन पोरीले?"

"तिची परीक्षा आहे."

"मंग उद्याचं ऑपरेशन कोणाले मालूम आहे?"

"तुले."

"आणखी?"

"कोणालेच नाही."

रंजितानं मोबाइल काढून कानाला लावला.

"काय करून राहिली?"

"तुमी सर्व्हरचं सांगितलं तेच, भाऊ. वहिनीले घंटी जाऊन राहिली. घ्या, बोला."