खाली उतरावे किंवा कसे

विषय : चारचाकी वाहनाचा मागील दरवाजा उघडा असून समोर वाघ बसला असल्यास वाहनातून खाली उतरावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : १) वाहनासोबत मिळालेले पुस्तक, पान १८७. २) चंद्रपूर-मूल रस्त्यावरील फलक. ३) सौ. सुगंधाबाई यांचे तोंडी आदेश, वेळोवेळी.

असा तो अर्ज आहे. हसलात ना? हसा. घरात बसून, दार लावून हसता येतं हो. माझं दार उघडं होतं! मागचं! आणि समोर तो बसला होता. तुम्हाला सांगतो, वर्तमानपत्रात छापतात तसा नव्हता. वर्तमानपत्रातला सपाट असतो. हा जाड होता.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नंतर गैरसमज नको. गाडी उत्तम आहे. गाडीबद्दल आपली काही तक्रार नाही.

जपानी कंपनीची आहे. कंपनीचं नाव घेणार नाही. कागदावर नाव आलं की खुलासा मागवतात, हे छत्तीस वर्षं कारकुनी करून शिकलोय. आमचा लोकेश पुण्याला असतो, त्यानं नवी घेतली आणि जुनी मला आणून दिली. "बाबा, आता आरामात फिरा." आराम! एकसष्टाव्या वर्षी मी परवाना काढला. लोक या वयात मोतीबिंदू काढतात. आणि सुगंधाबाई, म्हणजे आमची मंडळी, तिनं परस्पर नवस बोलून ठेवला, की हे गाडीसकट सुखरूप राहिले तर माहेरच्या वाघदेवाला कोंबडा देईन. माहेर सावली गावचं. शिवारात सागाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तो वाघदेव. आता मला सांगा, देवांची एवढी मोठी यादी असताना हिला नेमका हाच का आठवावा?

तर गाडी हातात आली की लोक चालवतात, मी आधी वाचली. पूर्ण इतिहास वाचला. शंभर वर्षांपूर्वी ही मंडळी मोटारी नव्हे, कापड विणायचे माग बनवायची. मग कापसाचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी सायकलीला इंजिन लावलं. म्हणतात, त्या घरच्या जावयाला मासे धरून परत येताना वाऱ्याविरुद्ध पायडल मारायचा कंटाळा यायचा. जावयाच्या कंटाळ्यातून कारखाना! आमच्या इकडे वरोऱ्याला कापसाचे भाव कितीदा पडले, जावई कितीदा कंटाळले, निघालं का एखादं इंजिन? पुढे मोटार केली, तर ती घाट चढवून थेट राजधानीला नेऊन दाखवली. अभ्यासू लोक हो! घाट, पाऊस, धूळ, सगळ्याचा विचार केलेला... पण जपानात वाघ नाही! अस्वल आहे, माकड आहे, भूकंप आहे, वाघ नाही. त्यामुळे तीनशे बारा पानांच्या पुस्तकात वाघ नाही. त्यांचं काय चुकलं? त्यांनी आपल्या घरचं पाहिलं. गाडी उत्तमच आहे.

मग मालकांची मतं वाचली. इंटरनेटवर चारशे अकरा मालकांनी लिहिलंय. ठाण्याचा म्हणतो एसी गारेगार. सांगलीचा म्हणतो डिकीत दोन बॅगा आणि एक पाहुणा मावतो. एक जण नुसत्या कप ठेवायच्या जागेवर दीड पान लिहितो! अरे, पण एकानं तरी लिहावं की नाही, की वाघ बारा हातांवर असताना काच वर जायला किती सेकंद लागतात? शेवटी भद्रावतीच्या बिरजूला विचारलं. त्याच्याकडे हीच गाडी, नऊ वर्षं. त्यानं माझ्या दारावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "भाऊ, गाडी एक नंबर! मायलेज म्हणाल तं विचारूच नका. फक्त पत्रा पापडावानी हाय. म्हणून तं पेट्रोल कमी पिते ना!" मी आपलं विचारलं, पापड म्हणजे उडदाचा का मुगाचा? "तयलेला," म्हणे.

त्या रात्रीपासून मी गाडीचं दार दोन बोटांनी लावायला लागलो. पण नवस थांबतो का? परवाना मिळून तीन महिने झाले, मी अजून सुखरूप, म्हणजे देवाची थकबाकी सुरू. थंडीचे दिवस. सकाळी सात वाजता निघालो चंद्रपूरहून. डिकीत बांबूचं डालगं, डालग्यात लाल तुऱ्याचा कोंबडा. तो आरवत होता. वाटेत दहा किलोमीटर तो आरवत होता! मी म्हटलं, "सुगंधा, त्याले चूप कर, जंगल लागलं." ती म्हणते, "मी काऊन चूप करू? तो काय माह्या माहेरचा हाय? बाजारातला हाय."

चिचपल्ली मागे पडली. दोन्ही बाजूंना साग. धुकं. एका गतिरोधकावर गाडी उडाली आणि समोरच्या मीटरवर लाल दिवा लागला. टुंग... टुंग... टुंग. आता तुम्ही काय कराल? तुम्ही जाल पुढे. पोचल्यावर बघू म्हणाल. मी तसा नाही हो! कागद काय म्हणतो ते आधी बघायचं, ही छत्तीस वर्षांची सवय. गाडी थांबवली, पुस्तक काढलं, पान १८७. 'लाल दिवा लागल्यास वाहन सुरक्षित ठिकाणी थांबवावे. खाली उतरून सर्व दरवाजे नीट बंद असल्याची खात्री करावी. तोपर्यंत वाहन चालवू नये.' स्पष्ट आदेश. मी पट्टा सोडला, दाराला हात घातला, मान वर केली, तर खिडकीबाहेर हातभर अंतरावर पिवळा फलक. 'वाघाचे भ्रमणक्षेत्र. वाहनातून खाली उतरू नये.'

झालं! दोन परस्परविरोधी आदेश आणि मी मधे. नोकरीत असं झालं की फाईल वर पाठवायची. इथं वर कोण? झाडावर माकड! आणि ते माकड, तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी खाकरलं. साधं नाही. घशातून, भीतीनं. मग दुसरं खाकरलं. मग डिकीतला कोंबडा, जो दहा किलोमीटर थांबला नव्हता, तो गप्प झाला.

आणि तो आला. आला म्हणजे काय, धावत नाही, डरकाळी नाही, काही नाही. सागातून रस्त्यावर पाऊल ठेवलं, जसा साहेब साडेअकराला ऑफिसात येतो तसा. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. नाकातून वाफ. आमच्याकडे पाहिलं... आणि बसला. डांबरावर ऊन आलं होतं, त्यावर बसला. मी मोजलं, गाडीच्या तोंडापासून बारा हात. का मोजलं? दुसरं काय करणार होतो!

मी क्लच दाबून धरला. सुगंधाबाई कुजबुजली, "अजी, मांगून वारा येऊन राह्यला." मी म्हटलं, "एसी असंल." "एसी बंद हाय." मी आरशात पाहिलं. डिकीचं मागचं दार चार बोटं उघडं! डालग्याची काडी कुलपात अडकलेली. म्हणजे आपण बंद गाडीत नाही. आपण पापडाच्या डब्यात, तोही झाकण उघडून! आणि मागे कोंबडा ठेवलेला, वर मसाला तेवढा बाकी.

"तुमी उतरा अन् दार लावा," सुगंधाबाई. संदर्भ क्रमांक तीन. "उतरू नये लिहिलंय," मी. "मंग गाडी चालवा." "चालवू नये लिहिलंय." "मंग मांगं घ्या!" आता मागे घेणं... परवान्याच्या परीक्षेत मी आठाचा आकडा पुढच्या पुढे काढला होता. मागे घ्यायला सांगितलं तेव्हा साहेबांना फोन आला आणि मी पास झालो. हे मी घरी सांगितलं नव्हतं. तिथं सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी वाघाकडे बघत बसलो.

मग मला सुचलं. भीतीत माणसाला नियम सुचतात. मी म्हटलं, "सुगंधा, हे बघ. कोंबडा कोणासाठी? वाघदेवासाठी. हा कोण? म्हणजे घेणारा स्वतः इथी हजर हाय. जागेवरच सुपूर्द करू. दार उघडंच हाय, तू मांगं सरक, ढकल त्याले बाहेर, तो कोंबडा घेऊन जाईल, आपण सावलीले जाऊ."

काय सांगू तुम्हाला! वाघ समोर, आणि ही बाई पदर खोचून भांडायला तयार. "देवाचा कोंबडा वाघाले देता? देव येगळा, वाघ येगळा! पोचूभाऊनं हळद-कुंकू लावल्याबिगर तो देवाचा नाई होत." पोचूभाऊ म्हणजे तिथले पूजा करणारे. "अन् यानं आज खाल्ला तं उद्या देव मांगंल तवा काय देऊ? तुमाले?" आणि तुम्हाला सांगतो, दोन सीटांमधून मागे सरकली, डालगं ओढायला गेली, ते निघेना, तर कोंबडाच बाहेर काढला आणि पुन्हा पुढे येऊन मांडीवर घेऊन बसली. म्हणजे आता वाघाला जे हवं ते मागे नव्हतं. माझ्या शेजारी होतं!

वाघ उठला.

मी खोटं सांगत नाही, मला त्या वेळी लोकेशचा फोन नंबर आठवेना. माझं स्वतःचं नाव आठवेना. तो आला, बॉनेटच्या बाजूनं, माझ्या दाराच्या बाजूनं. काचेजवळून त्याचा खांदा गेला. नुसता खांदा, खिडकीभर. केस वेगवेगळे दिसत होते. एका कानाला भोक होतं. गाडी जराशी हलली, म्हणजे तो घासून गेला. मग दिसेना. मग मागच्या फटीतून... हुंगल्याचा आवाज. एकदा. परत एकदा. लांब श्वास. मागच्या काचेवर वाफ. सुगंधाबाईनं एका हातानं कोंबड्याची चोच धरली होती आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही इतका वेळ न बोलता कधी बसलो नव्हतो. कुठलं पान, कुठला फलक! मी मनात म्हणत होतो, हिला काही होऊ नये, बस. एवढंच.

मागून हॉर्न. एसटी! गडचिरोलीची! वाघानं एसटीकडे पाहिलं, मग सागात शिरला, पानंसुद्धा वाजली नाहीत. पण कुठं शिरला? दाराच्याच बाजूला! बसच्या खिडक्यांतून पन्नास मोबाइल बाहेर. कंडक्टर बाई होती, मोनाली नावाची, तिनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "काका, उतरू नका! झुडपात बसून हाय तो! गाडी मांगं घ्या, आमच्या बंपरले टेकवा, दार आपोआप लागते!"

मागे घ्या! सगळी एसटी शिकवायला लागली. "कट मारा!" "सीधा सीधा!" "काकाले येत नाई वाट्टे!" "वाघाले बसवा स्टेरिंगवर!" मी डोळे मिटले. हो, मिटले. उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं? पाय उचलला, गाडी मागे गेली... धप्प! काडी मोडली, दार बसलं, लाल दिवा विझला. मागच्या दरवाज्यावर बंपरचा खोलगट गोल उमटला, अगदी आवक-जावक शिक्क्यासारखा. पण बंद झालं! एका दणक्यात! सांगतो ना, गाडी उत्तम आहे.

सावलीला पोचलो. दुसऱ्या दिवशी कोंबडा योग्य त्या ठिकाणी, हळद-कुंकवासह, रुजू झाला. सुगंधाबाईचं काम संपलं. आणि मी? मला चंद्रपूरला परत जायचं आहे हो! रस्ता तोच. मेहुणे लटारूभाऊ म्हणतात, "भाऊजी, रस्ताबी तोच, वाघबी तोच. दुसरा कुठून आणू?" गडचिरोलीकडून वळसा घालावा म्हटलं, तर तिकडे रानटी हत्ती उतरलेत. पुस्तकात हत्तीही नाही, मी पाहिलं. एसटीनं जावं म्हटलं, तर सुगंधाबाई म्हणते, "गाडी माहेरी सोडून जायची? लोकं म्हणतील, जवायाले चालवता येत नाई." येत नाहीच ना! पण लोकांनी का म्हणावं?

म्हणून मी अर्ज केला. पुस्तक खरं का फलक खरा, एकदा लेखी सांगा. उतरा म्हणाल तर उतरतो, बसा म्हणाल तर बसतो, पण लेखी. तीन प्रती, संबंधित कार्यालयांना. कोणती ती सांगत नाही. पोच मिळाली, क्रमांक मिळाला. परवा फोन केला, तर पलीकडचा बाबू फार नम्र आवाजात म्हणाला, "काका, प्रकरण दोन विभागांचं आहे, एकत्रित अभिप्राय घ्यावा लागेल." हेच वाक्य मी स्वतः छत्तीस वर्षं लोकांना ऐकवलंय, आणि अशी एकही फाईल माझ्या टेबलावरून वर्षाच्या आत हललेली मला आठवत नाही.

सावलीला येऊन आज सव्विसावा दिवस. गाडी लटारूभाऊंच्या अंगणात उभी आहे. रोज सकाळी मी तिच्यात बसतो, पट्टा लावतो, सुरू करतो, लगेच सुरू होते, मग बंद करून जेवायला येतो. काल लटारूभाऊंनी विचारलं, "भाऊजी, रेशनकार्डावर नाव चढवून घेऊ काय?"

अर्ज प्रलंबित आहे.