तिने शिंगं आत घेतली

अनिलाओच्या धक्क्यावरची प्रवासी जीपनी सगळ्या जागा भरल्याशिवाय सुटणार नव्हती. बायको गेल्यापासून आत बसलेल्या पोन्सोला घरी जायची घाई नसायची. त्याच्या समोरच्या बाकावर दलिसाय आणि तिचा म्हातारा बाप कॅमेऱ्यावर वाकले होते.

“तातय, नीट बघा ना. निळी समुद्री गोगलगाय, पाठीवर काळ्या रेघा. मी पाण्यात नेते त्या पाहुण्यांना नाव काय सांगू?”

“अशा निळ्या चार-पाच जाती आहेत, पोरी. हिची शिंगं कुठायत?”

“शिंगं नव्हतीच.”

“नव्हती कशी! आणि मागचा कल्ल्यांचा तुरा?”

“तोही नव्हता.”

“हात लावलास तिला?”

“जरासाच.”

“गाढवे, हेच शिकवलं मी? घाबरून सगळं आत ओढलं तिने. शिंगं नि तुरा पिवळा असेल तर एक जात, पांढरे ठिपके चमकत असतील तर दुसरी. यात काय बघू, कपाळ?”

“मग करायचं काय?”

“थांबायचं. गप्प राहिलं की आपणहून बाहेर काढते.”

“किती वेळ?”

“तिला वाटेल तेवढा.”

“मला नाही एवढा धीर. तुम्ही चला ना माझ्याबरोबर पाण्यात.”

“तुझी आई गेल्यापासून उतरलोय का मी?”

ड्रायव्हरने आणखी दोन माणसांसाठी हाका मारल्या. पोन्सो खाली बघत राहिला.

“कुठल्या खडकावर दिसली म्हणालीस?” म्हाताऱ्याने लेकीला विचारलं.

“धक्क्याच्या पलीकडे, तातय.”

“अजून उजेड आहे. ओ ड्रायव्हरदादा, आमच्या जागा दुसऱ्यांना द्या!”