ठिपक्यांचा तांडा आन् हिवाळ्यातली चूल

आजच्या निरोपाचे अध्यक्ष, आपले सरपंच पुनमचंद. तांड्याचे नायक प्रेमदास. हट्ट्याहून लेकीला न्यायला आलेल्या फातिमाबी. जिच्यासाठी ह्यो हार-नारळ आणलाय ती त्यांची लेक, डॉक्टर शबनम. आन् समोर सतरंजीवर बसलेली समदी मंडळी, तुमाला या देवलाबाईचा रामराम. थोडकंच बोला म्हणून माइक दिलाय. बघू.

लोक मला इचारायचे, ही डॉक्टरीण हाय तर सुई काहून टोचत न्हाई? मग करून काय राहिली?

तिनं संगणकात आपला तांडा वसवला. माणसांच्या जागी ठिपके. दर ठिपक्याला वय, घर, माय, भूक. पाणी साफ केलं तर लेकरांचं काय व्हतं, गोळ्या दिल्या तर काय, समदं आधी ठिपक्यांवर करून बघायचं. बराबरच हाय. ठिपका मेला तर मर्तिक करावं लागत न्हाई.

पण पहिल्या साली संगणक म्हणला, माघात लेकरं टंच असतील. अंगणवाडीच्या काट्यावर बघावं तर सुकलेली. मग पोरगी थंडीत घरोघर फिरली. दाराला कुलपं. नायकाला म्हणली, "काका, पाहणीत तुम्ही घरात सात माणसं सांगितली. कुठं गेली?"

"गेली न्हाईत. हायेत की."

"कुठं आहेत?"

"कारखान्यावर."

हसू नका. बाहेर असलेल्याला 'गेला' म्हणणं आपल्यात अभद्र. ऊसतोडीवरची माय आपण घरातच धरतो. संगणकानंही धरली, आन् तिच्या हातानं लेकराला रोज जेवू घातलं.

मग शबनमनं दिवाळीनंतर मोठे ठिपके उसाला धाडले, लहानगे आज्यांपाशी ठेवले. तवा संगणकातली लेकरं बी आपल्या लेकरांवाणीच वाळली. मग तिथंच निस्तं पाणी साफ केलं, फरक थोडका. निस्तं जेवण दिलं, ते हगवणीत गेलं. दोन्ही संगं दिलं, तवा कुठं लेकरं तगली. म्हणून गेल्या हंगामात समाजमंदिरात चूल पेटली. गरम जेवण, उकळलेलं पाणी. मी आन् शालूबाई राबलो. होळीला माझी नातसून दिपा ऊस तोडून आली, लेकरू काखेत घेतलं आन् म्हणली, "आजी, जड झालं की."

मी म्हणलं, "मग उतरव खाली. चालतंय ते."

आता अध्यक्षसाहेबांविषयी दोन शब्द. परवा पारावर म्हणले म्हणं, म्याडम चालली, आता चूल कशाला, त्या पैशात वेशीवर कमान बांधू. मी शबनमला सांगितलं, संगणकातली चूल इझवून कमान बांधून बघ. लेकरं पुन्हा वाळली. "आजी, हे भविष्य नाही, अंदाज आहे," असं ती म्हणली. मला तेवढा पुरे. आभाळाकडं बघून आपण पेरतो, ते काय कुणी लिहून दिलेलं असतं?

दिवाळी तोंडावर आली. दिपाचं बोचकं बांधून झालंय, लेकरू माझ्यापाशी ठेवून चालली. म्हणून इथंच इचारते. पुनमचंद, चूल चालू का बंद? मान हलवू नको बाबा, मागच्यांना दिसत न्हाई. ह्यो घे माइक.

चालू म्हणला. ऐकलं का समद्यांनी? फातिमाबी, तुमी पाहुण्या, तुमी साक्षीला.

शबनम, बाई, तुझे लई उपकार. जिथं जाशील तिथं आधी दारं वाजवून बघ. तुमी समद्यांनी ऐकून घेतलं, आभार. म्हातारीची जीभ कुठं लागली असंल तर पोटात घाला. आन् सरपंच, लाकडं उद्याच टाका.