खिडकीत राहिलेलं कार्ड

नाही मिळणार म्हणजे नाही मिळणार — किती वेळा सांगू? पाटीवर काय लिहिलंय ते वाच की, कॉलेजात शिकतेस ना? बोट नेताना ओळखपत्र या खिडकीत ठेवायचं, बोट परत आणली की ज्याचा फोटो त्याच्याच हातात ते परत मिळणार. तुझा फोटो आहे का त्यावर? नाही ना? मग तिला पाठव. मैत्रीण असशील, एका खोलीत राहत असाल, ते तुमचं तुम्हाला — अकरा वर्षं या तलावावर बोटी सोडतेय मी, आजवर एक कार्ड भलत्याच्या हातात गेलेलं नाही.

आणि ती फोनमधली यादी मला दाखवू नकोस. पाठ आहे — वसंतात विद्यार्थ्यांनी शहरात फिरायच्या दहा जागा. संग्रहालय झालं, टेकडी झाली, गुलाबांची बाग झाली, सातव्या नंबरावर आमचा तलाव. झाडांना पालवी फुटली की तुम्हाला पाय फुटतात. या, वल्ह्यांनी एकमेकींवर पाणी उडवा, जॅकेटं भिजवून भिरकावून द्या — वाळत घालायला आहेच इथं एक बाई. आणि घरून फोन आला की काय? ‘अभ्यास आहे गं, याही रविवारी जमणार नाही.’ — तू नाही गं, तुझं कोण बोलतंय — मी आपलं सगळ्याच पोरींचं सांगतेय.

तर ती तुझी मैत्रीण. गुरुवारी आलात तुम्ही. गुरुवारच का, विचार ना? कारण गुरुवारी माझी सुट्टी असते. दुसऱ्या बाईला दाढ काढायची होती म्हणून ड्युटी बदलली, नाहीतर मी इथं नसायचीच. खिडकीतून हात आत आला, मी वर बघितलं, तिनं बघितलं — आणि काय म्हणाली? ‘मावशी, चौघींची बोट द्या.’ मावशी! द्या! मी काय बोलणार, मागं तुम्ही तिघी खिदळत होतात. दिली. पाच नंबरची दिली, तीच एक आतून कोरडी असते. तिच्या जॅकेटचा पट्टा आवळला — सगळ्यांचाच आवळते, नियम आहे — तर अंग चोरून उभी राहिली. आणि येताना बोट काठाला लागते न लागते तोच उडी मारून फाटकाबाहेर. कार्ड घ्यायला नुसता हात पुढं करायचा होता — तेवढंही झालं नाही तिच्याच्यानं.

विसरली म्हणे! ती कसली विसरतेय? साधं खोडरबर कधी हरवलं नाही त्या पोरीनं. हा फोटो बघ. वेणी बघ कशी चापूनचोपून घातलीय — सकाळी सहाला उठवून मीच घातली, सारखी हलत होती म्हणून एक टपलीसुद्धा दिली —

काय गं? अशी काय बघतेस? तुम्हाला काय सांगितलंय तिनं, आई काय करते म्हणून? ... राहू दे. नको सांगूस. नको म्हटलं ना!

काय? सोमवारी परीक्षा? कार्डाशिवाय आत बसू देत नाहीत? मग हे आधी बोलायला काय झालं होतं, उगाच इतका वेळ मला बडबडायला लावलंस! धर. नीट धर. पिशवीत आत ठेव, बाहेरच्या खिशात नको. अकरा वर्षांत पहिल्यांदा करतेय हे. आणि तिला सांग, गुरुवारी खुशाल ये म्हणावं — आता कुणाची दाढ दुखो नाहीतर डोकं, मी ड्युटी बदलणार नाही. कार्ड कुणी दिलं विचारलं, तर मावशींनी दिलं म्हण. बस. नीघ आता, मागं लोक खोळंबलेत.