आबांची बॅटरी

सोलरचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. एरंडोलजवळच्या आमच्या गावात सोलर प्रकल्पाला गायरान द्यायचं का, यावर ग्रामसभा होती. जमीन दिली तर शेतीला दिवसा वीज मिळणार होती. पण सगळ्यात जास्त गुरं आबांची, त्यामुळे ते विरोध करणार हे गावानं धरूनच ठेवलं होतं.

भर दुपारी आबा हातात बॅटरी घेऊन सभेला आले. शेजारचे नाना हसले, "काय आबा, उनमा वाट दिसत नही का?"

आबा थेट टेबलामागे बसलेल्या सोलर प्रकल्पाच्या साहेबांपुढे गेले. "गायरान ल्या, साहेब. गुरंसनं मी दखी लिसू." गुरांचं ते स्वतःच बघून घेणार होते.

साहेब खूश झाले. "दिवसाची वीज लवकरच येईल, आबा."

आबांनी बॅटरी त्यांच्यापुढे ठेवली. "मंग तोपर्यंत हाई तुमना टेबलवर राहू द्या. माना पोऱ्यानी शे."

नानांचं हसू थांबलं. रात्रीच्या विजेवर कपाशीला पाणी भरायला गेले, तेव्हा माझ्या मिस्टरांना साप चावला होता, आणि त्यातच ते गेले. त्यांची ही बॅटरी त्या रात्री घरीच खुंटीला राहिली होती.

परवा दुपारी आमची मोटर पहिल्यांदा दिवसाच्या विजेवर चालली. साहेब स्वतः बॅटरी परत द्यायला आले. आबांनी बटण दाबून पाहिलं, पण ती लागेना.

साहेब ओशाळले. "नवे सेल टाकून आणतो, आबा."

"नको," आबा बॅटरी खुंटीला लावत म्हणाले, "आते गरज नही."