ढगाकडे पाहाची सवय

मायं माहेर जानेफळचं. बाप तिथं पिठाच्या चक्कीवर कामाले होता, मी शाळेतून आली का तिथंच जाऊन बसत होती, म्हनून मोटर दमली का नाही दमली हे मले अजून आवाजावरून समजते. दहावी झाली आनि लग्न करून इकडे दिलं, सोनाळ्याच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. थांबा हो, जरा बाहेर पाहून येतो.

काही नाही, ढग होता. तुम्ही चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

तर मी आली तवा इथं लाईट नव्हती. मधात जंगल, जंगलातून खांब नेता येत नाही म्हने. आमची पोरगी पुनी कंदिलातच शिकली. मंग ते योजनावाले आले, म्हने तारेची वाट कायले पाहता, तुमची वीज तुमच्याच गावात करू. शाळेमागच्या जागेवर उन्हाच्या पाट्या लावल्या, खोलीत बॅटऱ्या ठेवल्या, तिथूनच घरोघरी, पान्याच्या मोटरले आनि गावच्या पिठाच्या चक्कीले वायर दिली. आता हे सांभाळाले मानूस पाह्यजे. गडीमानसं म्हनत, आम्ही दिवसभर वावरात, आम्हाले कसं जमन. मी हात वर केला. मालक घरी येऊन म्हने, काऊन वं, तुले करंट लागला म्हंजे? मी म्हटलं लागला त लागला, भाकरी तुम्ही थापसान.

काम म्हंजे काय सांगू तुम्हाले, सकाळी पाट्या पुसाच्या, मीटर पाहाचं, आनि दिवसभर ढगाकडे पाहाचं. ऊन कडक असलं का चक्की दुपारीच चालवाची, म्हंजे बॅटरीले हात लागत नाही. बायांची सवय पहाटे दळन आनाची, ते मोडता मोडता मायं डोस्कं पिकलं. आनि एक डाव शांताबाईनं, हे आमच्या शेजारची, तिनं काय करावं, पाट्यांवर मिरच्या वाळत घातल्या. वरची जागा, ऊन भरपूर, बकरी पोचत नाही, तिच्या हिशोबानं बरोबरच होतं. मीटर खाली येऊन राह्यलं आनि मले समजेना का झालं काय. वर जाऊन पाह्यलं त लालभडक. मी तिले जे काही बोलली ते तुम्ही लिहू नका. पाट्या पुसता पुसता हात डोयाले लागला, दिवसभर रडत होती, लोकायले वाटलं भांडनाचं रडू हाये.

ढगाचे दिवस आले का खरी परीक्षा. तवा कोनाचं तरी बंद करा लागते. मायी रीत ठरलेली होती, पहिले मायाच घरचं बंद, म्हंजे मंग दुसऱ्याले बोलाले तोंड राहते. मंग सगळ्यायचे पंखे, मंग टीव्ही. पान्याची मोटर आनि दवाखान्याचं फ्रिज, ज्याच्यात लेकरायच्या लसीच्या सुया राहतात, ते काही झालं तरी बंद नाही कराचं. लोकं शिव्या द्याचे, ऐन मॅचच्या टायमाले बंद करते म्हने. पन पानी येत होतं, त्याच्याइकडे कोनी पाहत नव्हतं.

मंग पुनीचं लग्न झालं. दिली कुठं, त डोंगरात, आमच्यापेक्षाही वरती. पोरगा चांगला, घरची शेती, बुद्धवंदनेले बसनारं घर, सगळं चांगलं, फक्त लाईट नाही. जिले मी उजेडात आनलं ते परत अंधारात गेली. दळन डोक्यावर घेऊन खाली येत होती, मोबाईल इथं चार्ज करत होती, आनि परत चढत होती. पोटुशी असतानाही आली. मी पाहत होती, पन करा काय.

आनि त्याच्यात आमच्याइकडे मोठी लाईन आली, सरकारी तारेची. जंगलाची परवानगी भेटली, खांब आले, नारळ फोडला, डीजे लावला. लोकायनं कूलर घेतले. मले कोनी इचारेना. मालक म्हने आता तरी घरी बस. मी कुठची बसतो, मी सकाळी जाऊन पाट्या पुसतच होती, पायच थांबत नव्हते. मंग वैशाखात वादळ झालं, सोनाळ्याच्या रस्त्यानं खांब आडवे पडले, लाईन गेली ते लवकर आलीच नाही. तवा सगळं गाव मायाच दारात. पान्याची मोटर चालवली, फ्रिज चालवलं, दुपारी चक्की चालवली. शांताबाई म्हने, बाई तू हायेस म्हनून पेलाभर पानी भेटलं. बरं वाटलं, खोटं कायले सांगू.

अन् नेमकं त्याच्यानंतर योजनेचे सायेब आले. म्हने नियम हाये, मोठी लाईन पोचली का हे सामान उचलाचं आनि जिथं लाईन नाही तिथं न्याचं. कुठं न्याचं, म्हटलं. त त्यानं पुनीच्याच गावचं नाव घेतलं.

ग्रामसभा भरली. सगळे म्हने एक पाटी जाऊ देनार नाही, वादळात पाह्यलं ना आपन. आनि सगळे मायाइकडे पाहून राह्यले, का हे आता बोलन, हिनंच त सांभाळलं. ठेवलं त लेक अंधारात, दिलं त गाव. एकटी घरी असती त भिताडावर डोस्कं आपटलं असतं. मंग मी उठली, म्हटलं ढगाच्या दिवशी मी काय करतो? पंखे बंद करतो, पानी नाही करत. तसंच करू. पान्याचं, दवाखान्याचं आनि चक्कीचं जेवढं लागते तेवढं ठेवू, पंख्याचं वर जाऊ द्या. पंख्याले आता लाईन हाये.

एक जन उठला, म्हने लेकीसाठी बोलून राह्यली तू. मी म्हटलं हाव, लेकीसाठी बोलून राह्यली. तुयी लेक तिथं असती त तूही बोलला असता. बसला खाली.

सायेब म्हने अर्ध्याचा नियमच नाही. मंग ठराव केला, वर पाठवला, कितीक डाव तालुक्याले चकरा मारल्या, शेवटी हाव म्हनाले. जे राह्यलं ते लाईनले जोडून दिलं, म्हंजे लाईन गेली का इकडलं चालू होते, पन फक्त पानी, दवाखाना आनि चक्की. बाकी सामान ट्रॅक्टरमधी वर गेलं. ट्रॅक्टर वळनावर दिसेनासा झाला तवा लेकीची पाठवनी केल्यासारखं वाटलं, दुसऱ्या डावची.

आता लाईन गेली का लोकं दारात येतात. हिनं दिलं, म्हनून आम्ही उकडून राह्यलो. ऐकून घेतो. शांताबाईही बोलते, पन मंग चहाही पिऊन जाते.

वरचं पुनीच पाहते. तिनंही हात वर केला म्हने. परवा दिवसभर आभाळ होतं, तिचा फोन आला, आई, मीटर खाली आलं, काय बंद करू? मी सवयीनं म्हटलं पंखे. ते म्हने, आई, इथं पंखे कुठं हायेत, घरोघरी एक एक बल्ब हाये, त्यातला कोनाचा बंद करू? तिचं लेकरू मांगं किरकिर करत होतं, अंधार पडला का ते भेते. आनि मी काय म्हटलं माहीत हाये? म्हटलं, तुया घरचा. पहिले तुया घरचा. ते बरं म्हने आनि फोन ठेवला. मायाच तोंडानं मी मायाच नातीले अंधारात बसवलं. मालकानं ताट वाढलं, मी ते झाकून ठेवलं आनि दारात येऊन डोंगराइकडे पाहत बसली.

म्हनून बसवत नाही मले, तुम्ही मघापासून पाहूनच राह्यले. पहिले एका गावचं आभाळ पाहत होती, आता दोन गावचं पाहा लागते. या, बाहेर या, तो पाहा, डोंगराइकडे सरकून राह्यला. थांब रे बाबा, इथंच थांब, आमच्यावर कितीही थांब, आमच्याइकडे लाईन हाये.