निजवलेल्या समया

बसा असे, वही उघडा. तुम्ही पुण्याकडचे, तुमची मराठी मला पुस्तकातली वाटते आणि माझी तुम्हांस म्हाताऱ्या आजीची वाटत असेल, हसूं नका. आमच्या माहेरी आणि सासरी अस्के, म्हणजे सगळे, असंच बोलतात. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, आंत आलं की हे. कुठून आलों म्हणाल तर ते कोणाला ठाऊक, माझ्या सासऱ्यांचे आजे तंजावरास राजांच्या पागेत गाड्या हाकीत होते, राज्य इंग्रजांनी घेतलं, पागा मोडली, तेव्हां ते आपल्या दोन गाड्या घेऊन कुंभकोणास आले आणि मेलकावेरीत हे घर बांधलं. तेव्हांपासून आमच्या घरात वंडी, म्हणजे बैलगाडी, आणि वंडीत समया.

नाचियार्कोविलच्या समया तुम्ही पाहिल्यात का? पितळेच्या, माणसाएवढ्या उंच, टोकाला हंस. लग्नाच्या घरी, देवळात, जमीनदारांकडे जातात. त्या आम्ही पोचवीत होतों, पापनाशमास, तंजावरास, त्याच्याही पुढें. आणि आमची रीत अशी की समई म्हणजे लक्ष्मी, ती उभी जाते. आडवी कधी घालायची नाही. वंडीत कावेरीची ओली वाळू भरायची, समईची बैठक त्यात रोवायची, मग भोवती भाताचा पेंढा आणि हंसाला जुन्या लुगड्याची घडी, वर केळीच्या सालीची दोरी. ती बांधणी माझी. लग्न होऊन आलें तेव्हां सासूनं पहिल्या दिवशी चूल दाखवली नाही, पेंढा दाखवला, काय सांगू तुम्हांला. आणि हे, म्हणजे आमचे घरचे, वंडी अशी हाकीत की आंत पाण्याचा लोटा ठेवला तरी हिंदकळायचा नाही. दारी पोचल्यावर आपल्या हातानं समई उतरवायची, पुसायची, पूर्वेकडे तोंड करून उभी करायची, घरच्या बाईनं तेल घालून वात लावली की मगच बैल जुंपायचे.

वंडी काय, कोणीही हाकील हो. रेलगाडी आली तेव्हांही सासरे म्हणत होते म्हणे की संपलं आपलं, पण नाही संपलं, रेल स्टेशनापर्यंत नेते, उंबऱ्यापर्यंत कोण नेतो? लोक आम्हांस पैसे देत होते ते वाटेचे नाहीत. मुलीच्या लग्नात मोडक्या हंसाची समई यायची नाही, ह्या भरवशावर घरच्या बाईला रात्री झोप लागावी म्हणून देत होते. ते आमच्याकडे होतं. तेवढंच होतं.

मग लारी आली. एका मुदलाळीनं, मोठ्या शेठानं, स्टेशनाजवळ पत्र्याची शेड घातली आणि मोटारलारी आणली. आम्हांस दिवस लागत तिथं लारीला सकाळची दुपार. भाडं आमच्याहून उणं. पहिला हंगाम आमच्या तोंडचं पाणी पळालं. पण लारीत समया कशाही टाकलेल्या, हंसाच्या माना मोडल्या, वातीच्या चोची वाकल्या, एका लग्नघरी तर मोडकी समई आली म्हणून बायकांनी रडून घर डोक्यावर घेतलं. मग अस्के परत आमच्या दारी. हे कधी हसत नसत, त्या दिवशी हसले. म्हणाले, लोखंडाला काय कळतं? मलाही मेलं खरं वाटलं.

आणि त्याच उन्हाळ्यात बैलांचा रोग आला. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, चारा पुढें तसाच. आमचे बैल एकामागून एक गेले. ह्यांनी शेवटच्याच्या गळ्यात हात टाकला तो सोडवेना. घरात वंड्या उभ्या आणि ओढायला कोणी नाही. माझी कुप्पू लहान होती, तिला सकाळी पेज, संध्याकाळीही पेज, ती विचारी, आई, भात कधी?

तेव्हां मुदलाळीचा माणूस आला. म्हणाला, अम्मा, बांधणी तुमची ना, शेडेत येऊन बांधाल का? हे ओट्यावर होते. ऐकलं आणि उठून नदीकडे गेले. मी शेडेत गेलें.

तिथं मी वाळू मागितली. मुदलाळी म्हणाला, उभ्या ठेवल्या तर लारीत मावतील किती? निजवून बांध. मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, लक्ष्मी आडवी घालीत नाहीत. तो रागावला नाही, चांगला बोलणारा माणूस, म्हणाला, मग घरी जा अम्मा, दुसरी कोणी पाहतों. मी दारापर्यंत गेलें. कुप्पूचं तोंड डोळ्यांपुढें आलं. परत आलें आणि निजवल्या. पण कशाही टाकल्या नाहीत हं! पेंढ्याच्या वेण्या घातल्या, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी, मध्ये गादी, एक समई दुसरीला शिवेल तर शपथ. लारी तंजावरास गेली, एक चोच वाकली नाही.

मग मुदलाळीनं बाजारात सांगितलं, मोडली तर नवी देईन. हे तो कशाच्या जोरावर बोलला? माझ्या ह्या हातांच्या.

मला हे कळलं नाही तेव्हां. मी आपली मजुरी साठवीत होतें, नाकातली नथ घातली तिच्यात, आणि बैलांची जोडी आणली. शिंगांना हळद लावली. ह्यांस म्हटलं, जा नाचियार्कोविलास. गेले. दुपारी रिकामी वंडी घेऊन परत. समया ओतणारे ओतारी म्हणाले होते, अय्या, आतां तुमची वंडी कशाला, लारीनंच धड जातात, तुमच्याच घरची बांधणी ना?

घरी आले नाहीत, सरळ शेडेत आले. मी बांधीत होतें. समया रांगेनं निजलेल्या. त्यांनी विचारलं, कोणी निजवल्या? मी म्हटलं, मी. मग त्यांनी एकेक उचलली, पंच्यानं पुसली, उभी केली. अस्क्या उभ्या केल्या. मुदलाळीची माणसं हसत उभी. हे गेल्यावर तीच माणसं मला म्हणाली, चल, निजव परत. मी निजवल्या. मी चुकलें असं मी म्हणणार नाही, तुम्हीही लिहूं नका. पोर जगली माझी. पण ह्यांनी मारलं असतं तर बरं, एवढं वाटतं.

त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत. बैल विकले. जेवायला बसले की म्हणत, कुप्पू, आईला सांग, भात वाढ. मीही म्हणें, कुप्पू, बाबांना सांग, ताक आहे. पोर मध्ये बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवीत वाढली.

आतां माझी बोटं वाकली, वेणी वळत नाही. मुदलाळीनं दुसरं माणूस मागितलं. माझी बांधणी येते कोणाला? कुप्पूला. तर ती जाते आतां, सकाळी जाते ती दिवे लागायला येते. दिवसभर घरात आम्ही दोघं, आणि घर असं गप्प की शेजारीण विचारते, कोणी आहे का आंत.

तुम्ही आलांत, बरं झालं, ह्या घरात चार शब्द झाले. सुखानं असा, बायकामुलांत बोलत असा. आमचे हे ओट्यावरच आहेत, अस्कं ऐकलंय त्यांनी. जातां जातां एवढं करा, त्यांस सांगा, भात झालाय म्हणून.